जुन्या घरात नवा एसी: दुकानातल्या किमतीवर आणखी किती?

शोरूममध्ये एसीवर लावलेली किंमत नव्या इमारतीतल्या घराला चालते. तिथे एसीचा पॉइंट तयार असतो, पाइपसाठी भोक पाडलेलं असतं, आउटडोअर ठेवायला कट्टा सोडलेला असतो. तुमची इमारत १९६० ते ८० च्या दरम्यान बांधलेली असेल, किंवा घर वाड्यात, चाळीत, कौलारू बंगल्यात असेल, तर यातलं काहीच मिळत नाही. एसीच्या किमतीवर दहा ते पंधरा हजार रुपये धरून चला. भिंत दगडी असेल, मजला वरचा असेल आणि वायरिंग जुनं असेल तर वीस हजार. हा खर्च टळणारा नाही. पण तो आधी कागदावर आला नाही, तर फिटिंगच्या दिवशी भोक पाडून झाल्यावर तुमच्यासमोर येतो आणि तेव्हा तुम्ही नाही म्हणू शकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी आउटडोअरची जागा, मग वायरिंग, मग परवानगी आणि सगळ्यात शेवटी यंत्र. पुढे दिलेले दर महाराष्ट्रातल्या शहरांतले साधारण बाजारभाव आहेत. एप्रिल-मे महिन्यांत ते चढतात, नोव्हेंबर ते जानेवारीत खाली येतात. हिवाळ्यात फिटिंगवाला दुसऱ्या दिवशी येतो, उन्हाळ्यात आठवडाभर थांबवतो. शक्य असेल तर खरेदी हिवाळ्यात करा.

आउटडोअर कुठे ठेवायचा

जुन्या घरात सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तोच सगळ्यात घाईने घेतला जातो. फिटिंगवाला खिडकीतून डोकावतो, खालचा छज्जा दाखवतो आणि म्हणतो, ‘इथे बसवून टाकू.’ तिथेच थांबवा.

दीड टनाच्या आउटडोअरचं वजन साधारण २५ ते ३५ किलो असतं आणि तो चालू असताना थरथरतो. चाळीस वर्षांच्या छज्ज्यातल्या सळया बहुतेक वेळा गंजलेल्या असतात. खालून पाहा, गिलावा फुगलेला किंवा सळई उघडी पडलेली दिसली तर त्यावर काहीही ठेवू नका. त्या छज्ज्यावर यंत्राबरोबर माणूसही उभा राहणार आहे, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या हद्दीत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सोसायटीकडे तो अहवाल असायला हवा. सेक्रेटरींकडून मागून घ्या आणि छज्जे, गॅलरी यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

पसंतीचा क्रम मी असा लावेन. पहिली गॅलरी, पण उघडी. दुसरी गच्ची, तुमचं घर शेवटच्या किंवा त्याखालच्या मजल्यावर असेल तर. तिसरी बाहेरची भिंत, लोखंडी स्टँडवर, खिडकीतून हात पोचेल इतक्या जवळ. छज्जा सगळ्यात शेवटी.

‘हात पोचेल इतक्या जवळ’ याला पैशांत किंमत आहे. आउटडोअर अवघड जागी असला की पहिल्या फिटिंगला झोपाळा किंवा दोर लावण्याचे ५०० ते १,५०० रुपये जादा लागतात. ते एकदाच द्यायचे असते तर प्रश्न नव्हता; पण पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला, प्रत्येक बिघाडाला ‘जोखमीची जागा’ म्हणून तेच पैसे पुन्हा मागतात. काही कंपन्यांचे तंत्रज्ञ अशा जागी हात लावायलाच नकार देतात, आणि वॉरंटी असूनही तुम्हाला बाहेरचा माणूस बोलवावा लागतो. दहा वर्षांचा हिशेब केलात तर गॅलरीतली दोन फूट जागा गमावणं स्वस्त पडतं. बाहेर चढावंच लागणार असेल तर सेफ्टी बेल्टशिवाय काम सुरू करू देऊ नका, मग फिटिंगवाला कितीही ‘रोजचंच आहे’ म्हणो.

आउटडोअरच्या मागे निदान चार-सहा इंच आणि पुढे दोन-तीन फूट मोकळं हवं. बंद डक्टमध्ये, काच लावलेल्या गॅलरीत किंवा कपड्यांच्या रॅकमागे ठेवलात तर तो स्वतःच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढतो. खोली गार होत नाही आणि बिल वाढतं. जुन्या इमारतींतले डक्ट अरुंद असतात, त्यात चार घरांचे आउटडोअर एकावर एक लागले की सगळ्यांचेच एसी दमतात. गच्चीवर ठेवताना स्लॅबमध्ये खिळा किंवा बोल्ट मारू देऊ नका, वॉटरप्रूफिंग तिथूनच फुटतं. जमिनीवर ठेवायचा स्टँड आणि खाली रबराच्या गाद्या मागा. समुद्रकाठी, म्हणजे मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यापासून रत्नागिरी, मालवण, गोव्यापर्यंत, खारी हवा लोखंडी स्टँड लवकर खाते. तिथे गॅल्व्हनाइज्ड स्टँड घ्या, साध्यापेक्षा काही शे रुपये जास्त लागतात. कॉइल तांब्याचीच असू द्या.

भिंत कसली आहे?

इनडोअरची भिंत ठोकून पाहा. नऊ इंची विटेची असेल तर काळजी नाही. चार इंची पार्टिशन असेल तर इनडोअर चालतो, आउटडोअरचा स्टँड मुळीच नाही. वाड्याची माती-चुन्याची किंवा दगडी भिंत असेल तर साधे फास्टनर धरत नाहीत, काही महिन्यांत सैल होतात. तिथे आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने लोखंडी पट्टी लावावी लागते, नाहीतर यंत्र जमिनीवर ठेवावं लागतं.

भोकाचा दर भिंतीवर ठरतो. विटेच्या भिंतीत ३०० ते ५०० रुपये. दगडी किंवा आरसीसी भिंतीला कोअर कटिंगचं मशीन लागतं, ८०० ते २,००० रुपये. छिन्नी-हातोड्याने पाडतो म्हणणाऱ्याला थांबवा. जुना गिलावा हातभर निघून येतो आणि दुरुस्तीचा गवंडी वेगळा शोधावा लागतो. तुळई किंवा खांबातून भोक कोणत्याही परिस्थितीत नको. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही.

इनडोअर छतापासून अर्धा फूट खाली, जमिनीपासून सात-साडेसात फुटांवर. छत बारा फुटी असेल तर वर चढवू नका, गार हवा तुमच्यापर्यंत यायला उशीर लागेल. पाणी वाहून जाणाऱ्या पाइपला पूर्ण लांबीभर उतार हवा, आणि त्याचं तोंड बाथरूमच्या नहाणीत किंवा पावसाळी पाइपात सोडा. खालच्या घराच्या खिडकीवर टपटपणारं पाणी हे सोसायटीतल्या भांडणांचं जुनं कारण आहे आणि ते टाळायला ३००-४०० रुपयांचा पाइप पुरतो.

कौलारू छताखाली नुसता एसी लावलात तर पैसे कौलांच्या फटींतून जातील. आधी फॉल्स सीलिंग किंवा फळ्यांचा माळा, मग एसी. लाकडी खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या लावा, वरचे झरोके काचेने बंद करा. एका खोलीला हे हजार-दोन हजारांत होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात अशा घराला चांगला कूलरही पुरतो. तो विचार आधी करा.

वायरिंग: इथे काटकसर नको

जुन्या घरांत अॅल्युमिनियमची वायर, पोर्सेलीनचे फ्यूज आणि नावापुरतं अर्थिंग अजून सापडतं. पंखा-दिव्याच्या लाइनवरून एसी चालवू नका. मीटरपाशी असलेल्या बोर्डापासून एसीपर्यंत स्वतंत्र लाइन: ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरं अर्थिंग. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. विजेचा धक्का जीवघेणा ठरण्याआधी तो पुरवठा तोडतो. पंधरा-वीस मीटरसाठी केसिंग-पट्टीसह चार ते सहा हजार रुपये, एमसीबी-सॉकेटचे हजार-बाराशे, आरसीसीबीचे दोन-अडीच हजार. भिंत फोडून आतून वायर घालायचा हट्ट धरलात तर खर्च दुपटीला जातो. केसिंग-पट्टी पुरेशी आहे.

हे काम एसीच्या फिटिंगवाल्याला देऊ नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा आणि तो एसीच्या दोन दिवस आधी येऊ द्या. फिटिंगवाला त्याच दिवशी वायर ओढून देतो तेव्हा ती बहुतेक अडीचची असते आणि बिल चारचं.

आता वीजबिल हातात घ्या. त्यावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. जुन्या मीटरवर तो एक-दोन किलोवॉट असू शकतो. दीड टनाचा एसी दीड ते पावणेदोन किलोवॉट ओढतो, गीझर दोन ते तीन. दुसरा एसी लावत असाल तर भार वाढवून घ्या. महावितरणकडे अर्ज ऑनलाइन होतो. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानी, जी तुमची कंपनी असेल तिच्याकडे. साधारणपणे चालू बिल, ओळखपत्र, मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. शुल्क आणि वाढीव अनामत कंपनीच्या पावतीवरच भरा. ‘मी आतून करून देतो’ म्हणणाऱ्याला रोख देऊ नका. विनाकारण थ्री-फेज घेऊ नका, त्याचा स्थिर आकार एसी बंद असतानाही दरमहा जास्त लागतो.

परवानगीचे कागद

सोसायटीत असाल तर आउटडोअरची जागा आणि पाइपचा मार्ग कागदावर काढून सेक्रेटरींना अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बाहेरची भिंत आणि गच्ची सोसायटीची सामाईक असते, तुमच्या फ्लॅटची नाही. काही सोसायट्या परत मिळणारी अनामत मागतात. पावतीशिवाय देऊ नका.

पगडीच्या किंवा जुन्या भाड्याच्या घरात राहत असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. मालकाच्या लेखी संमतीविना ‘कायमस्वरूपी बांधकाम’ केलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ नुसार तो घर खाली करून मागू शकतो. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात एसी बसवणं, महापालिकेची परवानगी जिथे लागते तिथे ती घेऊन, अशा बांधकामातून वगळलेलं आहे. ‘एसी लावलास तर घर खाली करायला लावीन’ या धमकीला घाबरू नका. तरीही मालकाला लेखी कळवा, कारण भिंत त्याची आहे आणि भांडण टळलेलं बरं. इमारत वारसा यादीत असेल तर दर्शनी बाजूला आउटडोअर लावण्याआधी महापालिकेत विचारा. मागच्या बाजूला जागा असेल तर तीच घ्या.

किती टन, किती तारे

शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन, त्याहून मोठ्या, पावणेदोनशेपर्यंतच्या खोलीला दीड. वर थेट गच्ची असेल, पश्चिमेचं ऊन येत असेल किंवा छत उंच असेल तर वरच्या मापाकडे झुका. एक टनाचा तीन तारे इन्व्हर्टर साधारण २८ ते ३४ हजार, दीड टनाचा ३४ ते ४०, दीड टनाचा पाच तारे ४१ ते ४८. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. दुकानदार त्याआधीचा दरफलक दाखवत असेल तर बिलातली टक्केवारी पाहा.

ताऱ्यांचे निकष १ जानेवारी २०२६ पासून कडक झाले आहेत. ‘पाच तारे, मोठी सूट’ अशा जुन्या मालाच्या लेबलवरचं वर्ष वाचा, तो आजच्या मोजमापात पाच ताऱ्यांचा नसू शकतो. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १,६०० तासांच्या वापराचे. तुम्ही उन्हाळ्यातल्या शंभर रात्री आठ-आठ तास वापरत असाल तर तुमचे तास आठशे, म्हणजे युनिट निम्मे. दोन यंत्रांत २०० युनिटचा फरक असेल तर तुमची बचत वर्षाला शंभर युनिट, बारा रुपये दराने बाराशे. सात हजार जादा मोजून घेतलेला पाच तारे फिटायला सहा वर्षं लागतील. पुण्या-नाशिकच्या बेडरूमला म्हणून तीन तारे पुरतो. मुंबईत वर्षातले आठ महिने वापर होतो. तिथे हीच रक्कम अडीच वर्षांत फिटते, पाच तारेच घ्या.

बिलाची भीती थोडी कमी करतो. दीड टनाचा इन्व्हर्टर रात्री आठ तास २५-२६ अंशांवर चालवला तर महिन्याला साधारण १२० ते २०० युनिट वाढतात. ३०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो हा समज चुकीचा आहे. ३०० च्या वरच्या युनिटनाच तो लागतो.

जुनी खिडकी, विंडो एसीची चौकट तयार असेल तर नवा विंडो एसी हा सगळ्यात स्वस्त मार्ग: पाइप नाही, गॅसचे जोड नाहीत, छज्ज्यावर चढणं नाही. फक्त चौकटीची रुंदी, उंची, खोली मोजून दुकानात जा. मापं कंपनीगणिक बदलतात आणि सुताराचे हजार-दीड हजार तिथेच जातात. आवाज मात्र जास्त असतो.

‘फ्री इन्स्टॉलेशन’मध्ये काय येत नाही

बहुतेक वेळा फक्त मजुरी फुकट असते. स्टँड (७०० ते १,२००), तीन मीटरच्या पुढचा पाइप, भोक, ड्रेन पाइप, वायर, उंचीची जोखीम हे सगळं जादा. फिटिंग फुकट नसेल तर दीड हजारांच्या आसपास.

पाइपच्या दरात सगळ्यात जास्त फसवणूक होते. ‘फुटाला अडीचशे’ स्वस्त वाटतं, पण मीटरला ते ८२० रुपये होतात. विचारा: हा दर जोडीचा की एका पाइपचा? इन्सुलेशन आणि वायर त्यात आली का? जोडीचे मीटरला ८०० ते १,१०० रुपये ठीक आहेत. काम झाल्यावर टेप लावून मोजा, उरलेला तुकडा तुम्ही पैसे दिले असतील तर ठेवून घ्या. पाइपची जाडी ०.८ मिमी मागा, आणि मधे जोड नको.

भिंतीत जुना पाइप आहे म्हणून तोच वापरू, असं सांगतील. जुना एसी आर-२२ गॅसचा असेल तर नको म्हणा. नव्या आर-३२ चा दाब त्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि जुन्या पाइपात राहिलेलं तेल नव्या कॉम्प्रेसरला चालत नाही. दोन-तीन हजार वाचतात आणि कॉम्प्रेसर पणाला लागतो.

आता ते काम, जे तुम्ही समोर उभं राहून बघायलाच हवं. पाइप जोडून झाले की व्हॅक्युम पंप लावून पाइपातली हवा आणि दमटपणा काढावा लागतो, वीस-तीस मिनिटं. घाईतला माणूस पंप आणतच नाही. व्हॉल्व्ह किंचित उघडून गॅसच्या जोरावर हवा बाहेर ढकलतो, दहा सेकंदांत काम संपवतो. यात गॅस वाया जातो, ओलावा आत राहतो, आणि आर-३२ पेट घेऊ शकणारा गॅस असल्याने हे धोक्याचंही आहे. फोनवर वेळ ठरवतानाच विचारा, ‘व्हॅक्युम पंप आणणार ना?’ नंतर जोडांवर साबणाचा फेस लावून गळती तपासायला सांगा. नव्या यंत्रात ‘थोडा गॅस कमी आहे, टॉप-अपचे अडीच हजार’ असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका आणि कंपनीकडे तक्रार नोंदवा. नेहमीच्या लांबीपुरता गॅस कारखान्यातूनच भरून येतो. पाइप फार लांब असेल तरच जादा लागतो आणि तो किती, हे पुस्तिकेत छापलेलं असतं.

दुकानातच गळ्यात मारले जाणारे वार्षिक करार आणि कोटिंग पहिल्या वर्षी घेऊ नका. स्टॅबिलायझरही आपोआप घेऊ नका: अनेक इन्व्हर्टर एसी ठरावीक व्होल्टेजच्या मर्यादेत त्याविना चालतात. पुस्तिकेत मर्यादा पाहा, घरचं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. गावाकडे दाब वरखाली होत असेल तर मात्र घ्या, दोन ते चार हजार.

जुना एसी देताना

काढायचे ५०० ते १,००० रुपये. चालू यंत्र असेल तर आधी ‘पंप डाऊन’ करायला सांगा. गॅस आउटडोअरमध्ये साठतो, दुसरीकडे बसवताना भरायचे अडीच-तीन हजार वाचतात. गॅस हवेत सोडून देऊ नका, आर-२२ ओझोनच्या थराला मारक आहे. एक्स्चेंजची रक्कम नेहमी दोन भावांनी तपासा: एक्स्चेंजसह किंमत आणि एक्स्चेंजविना किंमत. अनेकदा फरक भंगारवाला देतो त्यापेक्षा कमी निघतो. तांब्याच्या कॉइलचा जुना स्प्लिट तीन ते पाच हजारांना जातो. पण भंगारवाल्याकडे तो हातोड्याने फोडला जातो. ई-कचरा नियम, २०२२ नुसार जुनी यंत्रं योग्य रीतीने निकाली काढण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे; पाचशे-हजार कमी मिळाले तरी कंपनीच्या किंवा नोंदणीकृत केंद्राच्या हाती द्या.

सगळं जोडून पाहू. दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट, दीड टन तीन तारे. यंत्र ३६,०००. फिटिंग १,५००, स्टँड ९००, जादा पाइप चार मीटर ३,६००, भोक ५००, ड्रेन ४००, वायरिंग ४,५००, एमसीबी-सॉकेट १,२००, जुना काढणं ८००. वरखर्च १३,४००. जुन्या यंत्राचे ३,५०० वजा जाता हाती बिल ४५,९००, आणि त्यात आरसीसीबी अजून धरलेला नाही. वेळ: वायरिंगला एक दिवस, फिटिंगला तीन-चार तास.

पैसे भरण्याआधी दुकानाकडून घराची पाहणी करून घ्या आणि वरची प्रत्येक बाब दरासह लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवर आली तरी चालेल. पाहणीचे २००-३०० रुपये मागितले तर आनंदाने द्या. फिटिंगचं बिलही जीएसटीसह घ्या, वॉरंटी कंपनीकडे नोंदवा. ‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षं’ म्हणजे फक्त कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी, ने-आण तुमच्याकडून. बिल, फिटिंगची पावती, लेखी दर आणि आउटडोअरचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. काही बिनसलं तर आधी कंपनीत तक्रार क्रमांक घ्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.